उडायचं की थांबायचं: विद्यार्थी वैमानिकासाठी हवामान तपासण्याचा क्रम

सोलोच्या, म्हणजे एकट्याने उडायच्या दिवशी विद्यार्थी हवामान कसं बघतात, हे मी इन्स्ट्रक्टर म्हणून बरीच वर्षं जवळून पाहतोय. हेडसेट गळ्यात, नकाशा घडी घालून तयार, विमानाभोवती फेरी मारून तपासणी झालेली, इंधन भरलेलं. आणि मग फोन उघडून ताजा मेटार, म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल, वाचायचा. त्या क्षणी डोळे अहवालावर असले तरी मन परवानगी शोधत असतं. दहा नॉटचा (ताशी दहा सागरी मैलांचा) क्रॉसविंड, म्हणजे धावपट्टीला आडवा वारा, 'जमेल' असा वाटतो, कारण बाकी सगळं जमून आलेलं असतं.

हीच मुलं हवामानाच्या लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळवतात. त्यांचं अडतं ते क्रमापाशी. जो निर्णय आदल्या रात्री आणि सकाळी शांतपणे व्हायला हवा, तो विमानाच्या पंखाखाली उभं राहून, घाईत होतो. म्हणून हा लेख टप्प्यांच्या क्रमाने लिहिलाय आणि तो त्याच क्रमाने वापरावा, ही विनंती. यातले आकडे लहान एकइंजिनी विमानाने दिवसा होणाऱ्या व्हीएफआर, म्हणजे बाहेर बघून करायच्या, उड्डाणांसाठी आहेत. तुमच्याकडचे नियम, विमानाचं हँडबुक आणि इन्स्ट्रक्टरने घातलेली मर्यादा यांत जे सर्वांत कडक असेल, ते पाळा.

## १. आधी स्वतःच्या मर्यादा लिहा, तेही उड्डाण नसलेल्या दिवशी

विमानाच्या हँडबुकमध्ये क्रॉसविंडचा एक आकडा दिलेला असतो. सेस्ना १७२ च्या अनेक आवृत्त्यांत तो १५ नॉट आहे. हा आकडा विमानाच्या चाचणीत सरावलेल्या हातांनी करून दाखवलेला असतो. तीस तासांचा अनुभव असलेल्या विद्यार्थ्याने तो स्वतःची मर्यादा म्हणून धरू नये. तुमची मर्यादा तुम्ही इन्स्ट्रक्टरसोबत बसून ठरवायची आणि लॉगबुकच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवायची.

सुरुवातीच्या सोलो सर्किटसाठी, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्यांसाठी, मी साधारण हे आकडे सुचवतो:

- झोतांसह एकूण वारा १२ नॉटच्या आत
- झोत धरून क्रॉसविंड ६ नॉटच्या आत
- दृश्यमानता १० किलोमीटर किंवा जास्त
- सर्किट १००० फुटांवर असेल तर सीलिंग (आकाश बहुतांश झाकणाऱ्या ढगांचा तळ) किमान २००० फूट
- २० सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटरच्या आत गडगडाटी ढग नको, आणि उतरल्यानंतरच्या दोन तासांच्या अंदाजातही नको

सोलो क्रॉस कंट्रीसाठी, म्हणजे दुसऱ्या विमानतळापर्यंतच्या उड्डाणासाठी, आणखी तीन ओळी: मार्गावरच्या सर्वांत उंच जमिनीपासून ढगांचा तळ किमान २५०० फूट वर हवा, सूर्यास्ताच्या दीड तास आधी चाकं जमिनीला टेकलेली हवीत, आणि उतरताना टाकीत तासाभराचं इंधन शिल्लक हवं. दिवसाच्या व्हीएफआर उड्डाणाला अनेक ठिकाणी ३० मिनिटांचं राखीव इंधन नियमाने पुरतं. पण हवामान बिघडल्यावर दुसरा विमानतळ शोधणाऱ्या नवशिक्याला ती ३० मिनिटं फार लवकर संपल्यासारखी वाटतात.

सावध: उड्डाणाच्या दिवशी हे आकडे कडक करता येतात, सैल करता येत नाहीत. 'मर्यादा ६ आहे, पण ७ ने काय होतंय' हा विचार मनात आला की आकडे लिहिण्याचा उपयोग संपला. वाढवायचेच असतील तर दुसऱ्या दिवशी, ड्युअल उड्डाणात तसा वारा इन्स्ट्रक्टरसोबत हाताळून मग वाढवा.

## २. आदल्या संध्याकाळी: मोठं चित्र

इथे अर्धा तास पुरतो. दाबाचा नकाशा उघडा आणि तीनच प्रश्न विचारा. कमी दाबाचा पट्टा किंवा फ्रंट (दोन वेगळ्या हवांमधली सीमा) जवळ येतोय की दूर जातोय? समदाब रेषा दाटीवाटीने आहेत का? तशा असतील तर वारा जोरात असणार. आणि हवा दमट आहे की कोरडी?

मग एक वाक्य लिहा, कागदावर. उदाहरणार्थ: 'सकाळी शांत, धुक्याची शक्यता, अकरानंतर वारा वाढत जाणार, दुपारनंतर उंच वाढणारे ढग.' हे वाक्य म्हणजे तुमचं भाकीत. सकाळी जे दिसेल ते याच्याशी ताडून बघायचं. भाकीत जुळलं तर तुम्हाला हवा समजली आहे. जुळलं नाही, तर आकडे मर्यादेत बसत असले तरी सबुरीने घ्या. जी हवा आपल्याला समजलेली नाही, ती पुढच्या दोन तासांत काय करेल हेही आपल्याला समजणार नसतं.

फोनवरचं रोजचं हवामानाचं ॲप यासाठी वापरू नका. 'पावसाची शक्यता ३० टक्के' या ओळीत ढगांचा तळ किती, झोत किती, दृश्यमानता किती, यातलं काहीच नसतं.

याच संध्याकाळी आणखी एक काम उरकायचं असतं, आणि ते जवळपास सगळे विसरतात. पलीकडच्या विमानतळावर कोणी तुमची वाट बघणार असेल, घरी कोणाला परतायची वेळ सांगितली असेल, तर आत्ताच सांगा: 'हवा ठीक असेल तर येईन, नाहीतर दुसऱ्या दिवशी.' दिलेला शब्द मोडण्याचा संकोच दुसऱ्या दिवशी कॉकपिटमध्ये तुमच्या शेजारी येऊन बसतो. त्याला आदल्या रात्रीच मोकळं करा.

## ३. सकाळी: मेटार आणि टॅफ, नेमक्या क्रमाने

इथे जास्त वेळ द्या. बहुतेक चुका याच टप्प्यात होतात, आणि टाळताही इथेच येतात.

एक मेटार वाचू नका, सलग चार वाचा. ताजा अहवाल म्हणजे एक फोटो. मागच्या दोन-तीन तासांचे अहवाल एकाखाली एक लिहिले की चाल दिसते. तापमान आणि दवबिंदू यांतलं अंतर ७ अंशांवरून ५, मग ३ वर आलं असेल, तर शेवटच्या अहवालात दृश्यमानता १० किलोमीटर असली तरी धुकं वाटेवर आहे. दाब तासागणिक घसरतोय का, वाऱ्याची दिशा सरकतेय का, हेही अशा यादीतच कळतं.

फक्त निघण्याचं ठिकाण बघू नका. गंतव्य, पर्यायी विमानतळ आणि वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूचा एखादा विमानतळ, इतक्यांचे अहवाल हवेत. तुमच्याकडे तासाभराने काय पोचणार आहे, ते बहुतेक वेळा त्या वाऱ्याकडच्या विमानतळावर आत्ता दिसत असतं.

आता एकेक गोष्ट.

*वारा.* समजा वारा २४० अंशांवरून १२ नॉट, झोत २२ नॉट, आणि धावपट्टी २०, म्हणजे २०० अंशांची. कोन ४० अंश. घड्याळाचा हिशेब लावा: अंश म्हणजे मिनिटं, आणि तासाचा जितका भाग तितका क्रॉसविंड. १५ अंशांना पाव, ३० ला निम्मा, ४५ ला पाऊण, ६० आणि त्यापुढे पूर्ण. ४० मिनिटं म्हणजे तासाचा दोन तृतीयांश भाग. १२ नॉटचा क्रॉसविंड झाला ८, झोताचा झाला जवळपास १५. विद्यार्थी यातला ८ लक्षात ठेवतात. तुम्ही १५ लक्षात ठेवा, कारण फ्लेअरच्या, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलण्याच्या, क्षणी कोणता वारा वाहत असेल हे तुमच्या हातात नसतं.

लिखित मेटारमधली वाऱ्याची दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजलेली असते, तर धावपट्टीचा क्रमांक चुंबकीय उत्तरेपासून. जिथे या दोहोंत दहा-पंधरा अंशांचा फरक असतो, तिथे हे विसरलं की क्रॉसविंडचा हिशेब सपशेल चुकतो. टॉवर बोलून सांगतो ती दिशा चुंबकीय असते.

*सीलिंग.* आठांपैकी पाच ते सात भाग आकाश झाकलेलं असेल तर ब्रोकन, आठही झाकलेलं असेल तर ओव्हरकास्ट. या दोहोंतला सर्वांत खालचा थर म्हणजे सीलिंग. पण मेटारमधली ढगांची उंची विमानतळाच्या जमिनीपासून मोजलेली असते, मार्गावरच्या डोंगरापासून नाही. विमानतळ समुद्रसपाटीपासून ५०० फुटांवर, ब्रोकन ढग २५०० फुटांवर. म्हणजे ढगांचा तळ समुद्रसपाटीपासून ३००० फूट. वाटेत १८०० फुटांची टेकडी आहे. टेकडी आणि ढग यांच्यामध्ये उरले १२०० फूट. ढगापासून खाली १००० फुटांचं अंतर ठेवायचं म्हटलं तर टेकडीच्या माथ्यावरून तुम्ही २०० फुटांवरून जाणार. विमानतळावरून बघताना हे आकाश छान मोकळं दिसतं. माझ्याकडे आलेल्या क्रॉस कंट्रीच्या आराखड्यांत ही वजाबाकी न केलेले आराखडे सर्वांत जास्त असतात.

*तापमान आणि दवबिंदू.* दिवसा तापून वर चढणाऱ्या हवेतून तयार होणाऱ्या कापूसढगांचा तळ काढायला सोपी रीत आहे: दोहोंतलं अंतर अंश सेल्सियसमध्ये घ्या आणि ४०० ने गुणा. २४ आणि २० असेल तर तळ साधारण १६०० फुटांवर. हा अंदाज आहे, पण अहवालातल्या ढगांशी ताडून बघायला उपयोगी. अंतर तीन अंशांच्या आत, रात्र निरभ्र आणि वारा अगदी मंद असेल तर धुकं धरूनच चाला.

याच दोन आकड्यांवरून कार्ब्युरेटरमधल्या बर्फाचाही विचार करा. उणे ७ ते २१ अंश तापमान आणि दमट हवा, हा त्याचा आवडता टापू. पण त्याहून उबदार दमट दिवशीही, विशेषतः कमी पॉवरवर उतरताना, बर्फ धरतो. बाहेर घाम येतोय म्हणून बर्फाचा धोका नाही, असं समजू नका.

*गरम दिवस.* समुद्रसपाटीला प्रमाण तापमान १५ अंश, आणि दर हजार फुटांना ते सुमारे २ अंशांनी उतरतं. विमानतळ २००० फुटांवर असेल तर तिथलं प्रमाण तापमान ११. आज ३६ आहे. फरक २५ अंश, प्रत्येक अंशाला साधारण १२० फूट, म्हणजे ३००० फूट. दाब प्रमाणाइतकाच आहे असं धरलं, तर तुमचं विमान आज ५००० फुटांवरच्या विमानतळासारखं वागणार: धाव लांब, चढाई मंद. निरभ्र आकाश आणि शांत वारा बघून हा दिवस 'उत्तम' ठरवला जातो, आणि धावपट्टीचं टोक जवळ यायला लागल्यावर चूक कळते.

*टॅफ.* तो त्या विमानतळाचा आणि त्याच्या आसपासच्या पट्ट्याचाच अंदाज असतो, मधल्या मार्गाचा नाही. यातले दोन शब्द सर्रास चुकीचे वाचले जातात. 'टेम्पो' म्हणजे असे बदल, जे प्रत्येक वेळी तासाभराहून कमी टिकतील आणि एकूण मिळून दिलेल्या मुदतीच्या निम्म्याहून कमी वेळ असतील. विद्यार्थी वाचतो, 'थोडाच वेळ आहे'. पण तो थोडा वेळ नेमका तुमच्या उतरण्याच्या वेळी येणार नाही, असं टॅफ कुठेही म्हणत नाही. टेम्पोमधली हवा तुमच्या मर्यादेबाहेर असेल, तर ती पूर्ण मुदतभर तशीच आहे असं धरा. दुसरा शब्द 'प्रॉब', म्हणजे टक्क्यांतली शक्यता. प्रॉब ३० आणि गडगडाटी पाऊस अशी नोंद असेल, तर सोलो विद्यार्थ्यासाठी ते नाही म्हणायला पुरेसं कारण आहे.

तपासा: टॅफ आणि ताजा मेटार शेजारी ठेवा. टॅफनुसार या तासाला जे असायला हवं, ते आहे का? अंदाज आत्ताच चुकलेला असेल, तर त्याच अंदाजातल्या तीन तासांनंतरच्या ओळीवर भरवसा टाकू नका. सुधारित टॅफ येईपर्यंत थांबा.

## ४. स्वतःची तपासणी

झोप किती झाली? सर्दीने कान बंद आहेत का? कोणतं औषध घेतलंय? पोटात काही आहे का? एवढं बघून विद्यार्थी पुढे जातात. मला पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो: आज उडालो नाही तर काय बिघडेल? उत्तर लिहूनच काढा. 'सोबतच्यांचे सोलो तास माझ्यापेक्षा दहाने जास्त झालेत.' 'पुढच्या आठवड्यात चेक राइड (उड्डाणाची परीक्षा) आहे.' 'हे उड्डाण आधीच तीनदा रद्द झालंय.' कारण कागदावर आलं की त्याचा जोर दिसतो. आणि जितकं कारण जोरदार, तितक्या त्या दिवशीच्या मर्यादा मी एक पायरी कडक करायला सांगतो. तीनदा रद्द झालेलं उड्डाण चौथ्या वेळी सर्वांत धोक्याचं असतं. हवा तीच असते, वाट बघून थकलेला माणूस मात्र तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतो.

## ५. विमानाजवळ: कागद खिशात, नजर आकाशात

इंजिन सुरू करण्याआधी पाच मिनिटं नुसतं उभं राहा. घड्याळ लावून. विंडसॉककडे, म्हणजे वारा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे, बघा: तो स्थिर आहे, की फुगून परत गळतोय? दिशा अचानक फिरली आणि गार हवेचा झोत आला, तर कुठेतरी गडगडाटी ढग कोसळतोय आणि त्याची हवा जमिनीलगत पसरत तुमच्यापर्यंत पोचली आहे. हा झोत ढगाच्या कित्येक मैल पुढे धावतो, त्यामुळे वर ऊन असतानाही तो येतो.

कान देऊन ऐका. गडगडाट साधारण १५ किलोमीटरपर्यंत ऐकू येतो. म्हणजे तो ऐकू आला, की ढग तुमच्या २० सागरी मैलांच्या मर्यादेच्या बराच आत आहे. रडारच्या चित्रात दोन ढगांमध्ये मोकळी वाट दिसते म्हणून तिथून जायचा विचार करू नका. पडद्यावरचं चित्र काही मिनिटं जुनं असतं, आणि तेवढ्या वेळात ती वाट बुजलेली असू शकते.

धुरकट हवेत एक चाचणी करा: ओळखीची खूण, पाण्याची टाकी किंवा टेकडी, जिचं अंतर तुम्हाला माहीत आहे, ती स्पष्ट दिसतेय का? सूर्याच्या दिशेला तोंड करूनही बघा. अहवालात ६ किलोमीटर दृश्यमानता असताना मावळतीच्या सूर्याकडे तोंड असलेल्या धावपट्टीवर उतरताना त्याच्या निम्मंही दिसत नाही.

सावध: विरळ धुक्यावरून सरळ खाली बघितलं तर धावपट्टी स्वच्छ दिसते. उतरताना मात्र नजर तिरकी जाते, धुक्याच्या थरातून लांबवर, आणि शेवटच्या क्षणी धावपट्टी नाहीशी होते. 'वरून दिसत होती' हे वाक्य मी फार जणांकडून ऐकलंय.

आणखी एक: दुसरं विमान उडालं हा पुरावा धरू नका. त्या वैमानिकाचे तास, त्याचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांवर उडण्याची पात्रता), त्याच्या विमानातली उपकरणं, यातलं काहीच तुम्हाला माहीत नसतं.

## ६. थांबायचं कसं

'धीर धर' असं सगळे सांगतात. तो कसा धरायचा, हे कोणी शिकवत नाही. अमर्याद वाट बघणं हा धीर नव्हे. त्याने माणूस चिडतो, थकतो आणि शेवटी 'आता झालंच पाहिजे' म्हणून निघतो. थांबण्यालाही पद्धत लागते.

अ. अट आणि वेळ दोन्ही लिहा. 'साडेदहापर्यंत क्रॉसविंड ६ च्या आत आला नाही, तर आजचं उड्डाण रद्द.' नुसतं 'वारा कमी झाला की निघू' असं ठरवलं, तर दुपारी दोनपर्यंत तुम्ही तिथेच बसलेले असाल.

आ. विमानापासून दूर थांबा. कॉकपिटमध्ये, इंजिन चालू ठेवून, धावपट्टीच्या तोंडाशी होल्डिंग पॉइंटवर वाट बघू नका. तिथे बसलेला माणूस निघायच्याच बाजूने विचार करतो.

इ. दर पाच मिनिटांनी बघू नका. नवीन मेटार अर्ध्या तासाने किंवा तासाने येतो. मधल्या वेळात तोच अहवाल पुन्हा पुन्हा वाचल्याने तो बदलत नाही; तुमचं मन मात्र त्याला सरावतं.

ई. एका चांगल्या अहवालावर उठू नका. सलग दोन अहवाल मर्यादेत हवेत. झोत दहा मिनिटं शांत होतात आणि पुन्हा सुरू होतात.

उ. धुक्यासाठी वेगळा हिशेब. सूर्य उगवला की धुकं लगेच विरतं असं नाही. पहिलं ऊन जमिनीलगतची हवा ढवळतं आणि कित्येकदा सूर्योदयानंतर धुकं आधी दाटतं. धुक्याच्या वर ढगांचा आणखी एक थर असेल तर ऊन खाली पोचत नाही आणि तासन्‌तास काही हलत नाही. तापमान-दवबिंदूतलं अंतर तीन अंशांवर गेलं आणि दोन अहवालांत दृश्यमानता टिकली, की मग पुढचं बघा.

ऊ. निघायचं ठरलं तर सुरुवातीपासून. दोन तास थांबल्यावर सकाळचा आराखडा जुना झालेला असतो. वारा, जमिनीवरचा वेग, इंधन, सूर्यास्ताला उरलेला वेळ, नोटाम (वैमानिकांसाठीच्या सूचना) आणि तुमचा थकवा, सगळं पुन्हा तपासा. सकाळी आठला निघून साडेअकराला परतायचं होतं. आता अकराला निघालात तर परतीचा टप्पा बरोबर दुपारच्या वाढत्या ढगांत सापडतो. ही चूक चांगल्या, सावध मुलांकडून होते. ती सकाळी धीराने थांबलेली असतात आणि त्या धीराचं फळ मिळालं असं समजून निघतात.

## ७. हवेत: परतीच्या रेषा आधीच आखा

माझ्या विद्यार्थिदशेतल्या एका सोलो क्रॉस कंट्रीत मी २५०० फुटांवरून चाललो होतो. पुढे ढग थोडे खाली दिसले, मी २२०० वर आलो. मग १९०० वर. मग १५०० वर. प्रत्येक वेळी उतरणं अगदी किरकोळ वाटलं. १५०० वर असताना खाली विजेच्या तारांचे मनोरे एकेक करून मोजता येतील इतके जवळ दिसले, तेव्हा मी वळलो. परत आल्यावर इन्स्ट्रक्टरांनी ओरडा दिला नाही. त्यांनी नकाशा पुढे केला आणि विचारलं, "यातल्या कोणत्या ठिकाणी वळायचं, हे तू निघताना ठरवलं होतंस?" कुठल्याच नाही. तेव्हापासून प्रत्येक नकाशावर मी तीन गोष्टी लिहून ठेवतो, आणि विद्यार्थ्यांकडूनही लिहून घेतो.

तळाची उंची. 'ढगांमुळे २००० च्या खाली यावं लागलं तर वळायचं.' एकच आकडा, मोठ्या अक्षरांत.

निर्णयाची ठिकाणं. साधारण दर पंधरा मिनिटांच्या अंतरावर एक ओळखीची खूण. तिथे पोचल्यावर प्रश्न: पुढची हवा मागच्या खुणेपेक्षा चांगली, तशीच की वाईट? सलग दोनदा 'वाईट' आलं की वळा, आकडे मर्यादेत असले तरी.

वेळेची रेषा. ६० सागरी मैल ९० नॉटने ४० मिनिटांत होतात. समोरून २० नॉटचा वारा असेल तर ७० नॉटने ५१ मिनिटं लागतात. पहिल्या खुणेला ठरल्यापेक्षा पाच मिनिटं उशीर झाला, तर अंदाजातला वारा चुकलाय. इंधनाचा हिशेब तिथेच, त्या मिनिटाला पुन्हा करा.

कमी दाबाकडे जाताना क्यूएनएच, म्हणजे उंचीमापकात लावायचा दाब, नवीन लावायला विसरू नका. दर हेक्टोपास्कलला साधारण ३० फूट. १०१४ लावून निघालात आणि पुढे १००६ आहे, तर उंचीमापक दाखवतो त्याहून तुम्ही जवळपास २४० फूट खाली आहात. खाली ढकलणारे ढग आणि खोटी उंची, हे दोन्ही बहुधा एकाच वेळी येतात.

सावध: ढगात शिरून बघू या, हा विचारसुद्धा नको. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने इन्स्ट्रुमेंट उड्डाणाचं प्रशिक्षण नसलेल्या २० जणांना, बाहेरचं दिसणार नाही अशी सोय करून, उडवून बघितलं. विसांपैकी प्रत्येकाचा विमानावरचा ताबा सुटला. त्यासाठी लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद, तीन मिनिटांना दोन सेकंद कमी. चुकून शिरलातच तर नजर ॲटिट्यूड इंडिकेटरवर (विमानाचा कल दाखवणाऱ्या उपकरणावर), पंख समतल, उंची आहे तशी, कंट्रोल कॉलमवर ओढाताण नाही. मग ९० नॉटला सुमारे १४ अंश बँक देऊन (विमान तितकं कलवून) वळण सुरू करा. या गतीने १८० अंश फिरायला एक मिनिट लागतं. आधी विमान सांभाळा, रेडिओ त्यानंतर. हे वळण इन्स्ट्रक्टरसोबत, बाहेरचं झाकणारा हुड लावून, पुन्हा पुन्हा केलेलं असल्याशिवाय सोलो क्रॉस कंट्रीला निघूच नका.

उतरताना झोत असतील तर अप्रोचच्या, म्हणजे धावपट्टीकडे खाली येतानाच्या, वेगात झोताच्या फरकाचा निम्मा भाग मिळवा: वारा १२, झोत २२, तर ५ नॉट जास्त. पहिला अप्रोच डळमळला तर गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. दुसराही डळमळला तर तिसरा करण्याआधी इंधन बघा आणि वाऱ्याला सामोरी धावपट्टी असलेल्या विमानतळाचा विचार करा. तिथे उतरून फोन करायला लाज वाटू देऊ नका. मला असा फोन आला की मी त्या विद्यार्थ्याच्या फाइलमध्ये शाबासकी लिहितो.

## ८. रद्द झालेल्या दिवशी

घरी जाऊ नका. एक वही ठेवा आणि प्रत्येक रद्द उड्डाणाला अर्धं पान द्या: आदल्या रात्रीचं भाकीत, सकाळचे मेटार, कोणत्या आकड्यामुळे रद्द केलं. मग उडाला असतात तर ज्या वेळी हवेत असता, त्या प्रत्येक तासाला अहवाल नोंदवा. प्रत्यक्षात काय झालं?

काही वेळा हवा सुधारलेली दिसेल. तो दिवस 'वाया गेला' असं लिहू नका. सकाळी हाती असलेल्या माहितीवर निर्णय बरोबर होता का, एवढंच तपासा. उलट बाजूही तितकीच तपासा: हवा बिघडणार असं दिसत असताना उडालात आणि सुखरूप परत आलात, तर त्या पानावर लाल खूण करा आणि ते पान इन्स्ट्रक्टरला दाखवा. नशिबाने निभावलेलं उड्डाण मनात 'अनुभव' म्हणून जमा होतं आणि पुढच्या वेळी तोच अनुभव तुम्हाला पुढे ढकलतो.

उरलेल्या वेळात क्रॉसविंडचे दहा हिशेब डोक्यात करा. थांबलेल्या विमानात बसून डायव्हर्जनचा, म्हणजे वाट बदलून दुसऱ्या विमानतळाकडे जाण्याचा, सराव करा: नकाशावर बोट ठेवा, नवीन दिशा, अंतर, वेळ, इंधन, सगळं दोन मिनिटांत. टॉवरची किंवा एटीआयएसची (विमानतळाच्या ध्वनिमुद्रित माहितीची) फ्रिक्वेन्सी ऐका आणि मेटार येण्याआधी आकाश बघून तो स्वतः लिहा: वारा, दृश्यमानता, ढग, त्यांची उंची. मग खऱ्या अहवालाशी ताडा. सुरुवातीला ढगांच्या उंचीत हजार फुटांची चूक होते. पंधरा-वीस वेळा केलं की ती दोन-तीनशेवर येते. त्या दिवशी इन्स्ट्रक्टरकडे वही घेऊन जा आणि मर्यादांचा कागद पुन्हा लिहायला बसा.